चौथ्या स्क्रूची अट

पास झालं, पास झालं, किती वेळा सांगशील, भाचीबाई? तुझ्या यंत्राची चाचणी सहा तासांची, आणि कोंडलेली हवा सहा महिने झिरपते. पुस्तकात नसेल, पण मी शिकवलं होतं. असो. वकीलबाई म्हणतात, आधी रीतीचं लिहा.

मी, वय एकावन्न, चौथी पास, यंत्रशाळेत बारीक जोडकाम करणारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाही, खोळंबलेली आहे.

१. दोन खोल्यांचं घर माझ्या भाचीला, बिनशर्त. मोरीचा नळ गळतो, वायसर बदलून घे.

२. बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला. माझ्या लग्नाच्या बोलणीत ती पाहुण्यांसमोर म्हणाली होती, हिच्या हातात बांगडीपेक्षा पकड शोभते. लग्न मोडलं, पकड राहिली. माफ केलेलं नाही. ठेव तरी तिचीच.

३. शिवणयंत्र शेजारणीला. तिने माझी कात्री आता वापरली तरी चालेल, नाहीतरी परत देत नाहीच.

४. माझं भिंग, चिमटे आणि केसाएवढी भोकं पाडणारं ड्रिल. इथे अट आहे.

भाचीने आखलेला मास स्पेक्ट्रोमीटर चहाच्या डब्याएवढा. तो परग्रहावर जाऊन तिथली हवा हुंगणार आणि कणाकणाचं वजन करून तीत काय आहे ते सांगणार. त्यात बारा स्क्रू. प्रत्येकाला मी उभं आरपार भोक पाडते, म्हणजे बुडाशी हवा कोंडून राहत नाही. सोमवारी दवाखान्यात यायच्या आधी भिंगातून पाहिलं, तर चौथ्याच्या माथ्याला भोकच नाही. माझा स्क्रू डबीत पडलेला. विचारलं तर म्हणाली, "मावशी, घाईत साधा लावला गं. एका स्क्रूने काय आभाळ कोसळतंय?"

आभाळ नाही कोसळत. तुझं यंत्र एवढ्या लांब जाऊन आपल्याच खोलीतली हवा हुंगेल, आणि जगाला सांगेल, नवीन सापडलं.

उघडायचं तर आतली हवा-ओल घालवायला पुन्हा भट्टीत तापवणं आलं, नऊ दिवस उशीर आला, म्हणून ती यंत्रशाळेच्या मोठ्या साहेबांना सांगत नाही. मी सांगू शकले असते. पण ज्याने कप फोडला त्यानेच बोलावं, हा नियम ती तीन वर्षांची असल्यापासून आमच्या घरात आहे.

तिने स्वतः सांगून तो स्क्रू बदलला, तर ही हत्यारं तिची. नाहीतर आमच्या यंत्रशाळेतल्या काच फुंकणाऱ्या काकांची. त्यांना आता धड दिसत नाही, तरी त्यांचीच.

५. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. साहेबांनी तर नाहीच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, दोनदा. दोघी साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, आणि मी त्यांना.

साक्षीदार: वॉर्डातल्या नर्सताई (सही)
साक्षीदार: पलीकडच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाई (सही)
लिहून ठेवणार: मावशी (सही)
ठिकाण: रुग्णालय, खाट नऊ. तारीख अकरा, मंगळवार.

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात म्हणे. मला तेवढा दम नाही, एक प्रत आजच तुझ्या टेबलावर येईल. परवा गुरुवारी यंत्राचं झाकण कायमचं जोडणार आहेत. उद्या बुधवारी दुपारी चारच्या आत मला सांग, साहेबांकडे गेलीस की नाही?