करंजटोल्याची मातामाय गावाला परत देण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव महोदय,
विद्यापीठ प्रशासकीय कार्यालय, भंडारा

अर्जदार : रिता टिकाराम सेलोकर, अभिरक्षक, आशियाई कला संग्रह

विषय : संग्रहातील मातामायची मूर्ती प्रदर्शनासाठी परराज्यात न पाठवता करंजटोला ग्रामस्थांच्या स्वाधीन करणेबाबत.

संदर्भ : विनापरवानगी दालन सोडल्याबद्दल अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार सांभाळते त्या संग्रहात ब्रह्मदेशातला सागवानी बुद्ध आहे, नेपाळची पितळी तारा आहे, जपानी चित्रांच्या गुंडाळ्या आहेत. खिडकीजवळच्या चौथऱ्यावर काळ्या दगडाची, कमरेएवढी एक मूर्ती आहे. पाटीवर ‘स्त्रीदेवता, पूर्व विदर्भ’ एवढेच लिहिले आहे. ती करंजटोल्याची ग्रामदेवता मातामाय होय. गोसीखुर्द धरणाचे पाणी गावात शिरू लागले तेव्हा गावकऱ्यांनी तिला ट्रॅक्टरवर घालून येथे आणले आणि नव्या गावठाणात देऊळ होईपर्यंत सांभाळा, अशी विनंती केली. तत्कालीन अभिरक्षकांनी होकार दिला. पुढे ते निवृत्त झाले, आणि ठेवायला दिलेली मूर्ती देणगी समजली गेली.

२. मातामायला रोज पाणी घालण्याचा मान शकुनबाईंच्या घराण्याकडे होता. त्या बाजाराच्या दिवशी एसटीने येत आणि बाटलीत वैनगंगेचे पाणी आणत. दालनात पाणी नेण्यास मनाई असल्याने अर्जदार ती बाटली दारातच ठेवून घेई. त्या कधी भांडल्या नाहीत. “पानी नाही त बोलू त दे, बाई. इथं तिच्यासंगं कोन बोलते?” एवढेच म्हणाल्या. मग फरशीवर बसून मूर्तीला गावची खबर सांगत : कोणाचे लग्न ठरले, कोणाची म्हैस व्याली, कोण पोरगा पुण्याला गेला. हे तिला कशाला सांगता, असे अर्जदाराने एकदा विचारले. “गाव पान्यात गेलं तवा हे इथं होती. तिले वाटत असन, मानसंबी बुडाली,” असे त्यांनी सांगितले.

३. गेल्या वैशाखात शकुनबाई वारल्या. त्यांचा मुलगा पिंटू ही बातमी मूर्तीला द्यायला आला, पण तिच्यासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तसाच परत गेला. त्यानंतर चौथऱ्याखाली पाणी साचू लागले. पुसून घेतले तरी दुपारपर्यंत फरशी पुन्हा ओली. बांधकाम विभागाने पाहणी केली. छत कोरडे आहे, त्या भिंतीत नळ नाही. अहवालात ‘हवेतील दमटपणा’ असे कारण दिले आहे. भर वैशाखात, भंडाऱ्यात. त्या पाण्याला नदीच्या गाळाचा वास येतो. ओल जपानी चित्रांकडे सरकू लागल्याने ती चित्रे अर्जदाराने दुसऱ्या खोलीत हलवली आहेत.

४. पुढे परिचर घनश्याम याने ग्रंथालयात बदली मागितली. “मॅडम, दालनात बाई बोलून राहिली, अन् पाहतो त कोनी नाही,” असे तो म्हणाला. अर्जदार त्याला रागावली. काही दिवसांनी, चिनी भांड्यांच्या पाट्या लिहीत असताना, तिने स्वतः तो आवाज ऐकला. शकुनबाईंचाच तो सावकाश, दमादमाने बोलणारा आवाज : “रुखमिणीले नातीन झाली, माय. धनीरामच्या बोअरले पानी लागलं.” अर्जदाराने काही तरी निमित्त काढून पिंटूला फोन केला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तेव्हापासून अर्जदार त्या दालनात डबा खात नाही. ही गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नाही. तिला येथेच नोकरी करायची आहे.

५. नोटिशीत नमूद दिवशी दुपारी आवाज पुन्हा आला. “रिताबाईची माय आज चाय नाही पेली. दरवाज्याकडे पाहून राहिली.” अर्जदाराची आई आंबागडला, अर्जदाराचा भाऊ प्रविण याच्याकडे असे. आई बरी आहे, असे त्याने सकाळीच कळवले होते. तरीही अर्जदार उठली आणि निघाली. दालनाला कुलूप लावले नाही, रजेचा अर्ज दिला नाही, हे मान्य आहे. भावाच्या घरी पोचली तेव्हा आईच्या खाटेजवळ बशीने झाकलेला चहा तसाच होता. आईने तिला ओळखले, मनगट धरले आणि “जेवली का?” असे विचारले. दिवेलागणीच्या आत आई गेली. प्रविणने मागाहून विचारले, “तुले फोन कोनं केला?” आपल्या नोटिशीतही, दालन कोणाच्या सांगण्यावरून सोडले, अशी विचारणा आहे. ते शकुनबाईंच्या सांगण्यावरून सोडले. याहून वेगळा खुलासा अर्जदाराजवळ नाही.

६. सुतक संपवून अर्जदार कामावर रुजू झाली, तेव्हापासून आवाज बंद आहे. पाणी मात्र येतच होते. आता मूर्ती परराज्यातील प्रदर्शनात नेण्यासाठी लाकडी पेटी येऊन पडली आहे. करंजटोल्याच्या नव्या गावठाणात देऊळ बांधून झाले आहे आणि गाभारा रिकामा आहे. दालन उघडे टाकल्याबद्दल जी शिक्षा होईल ती अर्जदारास मान्य आहे. मात्र ही मूर्ती पेटीत घातली जाऊ नये आणि गावाला परत देण्यात यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

७. तिच्याशी कोणीतरी बोलले पाहिजे, म्हणून अर्जदार हल्ली पिंटूला विचारून गावच्या बातम्या तिला सांगते. अर्जदार त्या गावची नाही. नावे चुकतात, नाती चुकतात. काल पिंटूकडे काही खबर नव्हती. तेव्हा अर्जदाराने तिला एवढेच सांगितले, की तुला गावी पाठवण्यासाठी उद्या साहेबांकडे अर्ज देणार आहे. आज सकाळी चौथऱ्याखालची फरशी पहिल्यांदाच कोरडी होती. मातामाय वाट पाहत असावी. तरी निर्णय शक्य तितक्या लवकर कळवावा, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
रिता टिकाराम सेलोकर
भंडारा, दि. १८ ऑगस्ट २०२५