पाठीवरचा कब्जा

११ जाने. १९६४, शनि. रहिमतपूर
मारुतीला तेल घातलं. मन लागलं नाही. काल जत्रेच्या मैदानात शंकर हरला. ताईचा थोरला, माझ्याच तालमीतला. जतच्या गड्याच्या पाठीवर गेला होता, कंबरेला विळखा पक्का. घामानं अंग निसटतंय म्हणून त्याच्या पाठीवर टाकायला माती घेऊ गेला. हात सुटला, गडी फिरला, शंकर चीत.
दाजी तिथंच म्हणाले, "पुढची बी हरला तर विट्याच्या पाव्हन्यासंगं कलकत्त्याला. सोनं गाळायचं शिकंल." शंकर खाली बघत होता.
पुढची त्याच गड्याशी, सांगलीकडं.

१४ जाने., संक्रांत
तीळगूळ खाऊन मातीत उतरलो. मी हातापायांवर बसलो, शंकरला पाठीवर घेतलं.
"डोळं मिट. मी कुठं निघालो ते तुज्या छातीला कळलं पायजे."
नुसता आवळतो. आवळलं की खालच्याला आपला नेम कळतो.
"सैल धरलं तर सुटशिला की, मामा."
"सैल न्हवं रं. माज्यासंगं हल."

१९ जाने.
बरगडी दुखते. हिनं हळद लावली. "पन्नाशी आली, अजून घोडा व्हायची हौस हाय."
सकाळी दोनदा सहज निसटलो. नंतर नाही जमलं. पण शंकरचा हात मातीकडं गेलाच एकदा. सवय.
जपाला बसलो तरी ध्यान त्या हातावर.

२ फेब्रु., रवि.
कुस्ती झाली. सलामी होताच शंकर पाठीवर. जतचा गडी घामानं न्हालेला, तरी हात मातीकडं गेला नाही. तो वळला की हा वळे, तो उठला की हा उठे. बघून बरं वाटलं. पण पाडेना. लोक ओरडू लागले, "झोपला का रं? वाकळ देऊ का?"
पाडायला एक हात काढावा लागतो. तो काढेना. मीच शिकवलेलं.
उन्हं गेली. पंचांनी बरोबरीत सोडवली. जतच्या गड्यानं माती झटकत त्याच्या खांद्यावर थाप मारली. "लय धरलंस गड्या. पन सोडल्याबिगर पाडशील कसा?"
वाटेत दाजी म्हणाले, "हरला न्हाई, जिकला न्हाई. आता मी काय ठरवू?"
"त्याला इचारा," म्हणालो. मीही आजवर त्याला विचारलं नव्हतं.
दाजींनी विचारलं. शंकर म्हणाला, "बगू."

३ फेब्रु., सोम.
आज येईल असं वाटलं नव्हतं. आला. तालमीतल्या हौदाच्या कडेला उभा राहून पायानं माती उकरत होता.
"मामा, कोरडी पडलीय. ताक आणू का?"
"आन."
दोघांनी मिळून माती कालवली. किती दिवस राहणार, ते तो बोलला नाही. विचारायचं ओठावर आलं होतं. ढेकळं फोडत राहिलो.