हितचिंतकाची वेलांटी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा दीड हाताने नमस्कार (उरलेल्या अर्ध्यात पेन आहे). घरी येऊन बोलावं तर मामी समोरून हलत नाहीत, म्हणून पत्र. तब्येत बरी ना? आणि दातांचं काय झालं? मामी सांगत होत्या, कवळीचे पैसे भरून दोन महिने झाले तरी दंतवैद्य उद्या-उद्या करतोय आणि तुम्हाला सगळं दुधात भिजवून द्यावं लागतं. असा कसला हो हा दंतवैद्य? आमच्या समितीकडे तक्रार करा की! (नको, करू नका. का ते पुढे कळेल.)

आमची लाचविरोधी समिती म्हणजे दोन खोल्या, एक डुगडुगतं टेबल आणि चिटणीस म्हणून मी. सरकारचा पैसा आम्ही घेत नाही, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा तर नाहीच नाही. मग उरतात साधी माणसं. त्यांच्या देणग्यांवर भाडं आणि तक्रारींचा फोन चालतो. देणाऱ्याचं नाव दाराबाहेरच्या फळ्यावर रंगवायचं, हा अध्यक्षीणबाईंचा नियम. नाव, रक्कम आणि तिसरा रकाना ‘संबंध’. म्हणजे समितीतल्या कोणाशी त्याचं नातं किंवा व्यवहार आहे का. पण फॉर्म भरणाऱ्यांना हे कोण समजावणार? सुताराने लिहिलं, ‘चांगले’. शिंप्याने लिहिलं, ‘पूर्वी होते’. निवृत्त पोस्टमास्तरांनी तर ‘अजून तसे काही नाही’ असं लिहिलं, आणि तेव्हापासून बाई मागच्या दाराने येतात.

अशात ते पाकीट आलं. वर्षाचं भाडं निघेल एवढी रक्कम आणि सोबत चिठ्ठी: ‘एक हितचींतक’. मी हरखलो, बाई भडकल्या. म्हणाल्या, पैसा कुणाचा म्हणून आपण जगाला विचारत फिरतो आणि आपल्याच टेबलावर हा तोंड लपवलेला पैसा? पंधरा दिवसांत नाव कळलं नाही तर त्यातल्या एका नोटेलाही हात लावायचा नाही. इकडे घरमालक एक तारखेला कुलूप घालायला टपलेला. शेवटी बाईंनी ती चिठ्ठीच फळ्यावर टाचली आणि वर लिहिलं, ‘अक्षर ओळखा’.

मामा, मी पाहताक्षणी ओळखलं! ‘चिंता’तली वेलांटी दुसरी काढणारे गृहस्थ माझ्या ओळखीत एकच. लहानपणी शुद्धलेखन तुम्हीच घ्यायचात, आणि त्या वेलांटीपायी मी शाळेत छड्या खाल्ल्यात. पण बोलू कसा? ‘संबंध’च्या रकान्यात ‘चिटणीसांचे मामा’ लागलं की लोक म्हणणार, भाच्याची खुर्ची मामाने विकत घेतली. शिवाय मामी बाजारातून येताना रोज तो फळा वाचतात, आणि हे कवळीचेच पैसे, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. म्हणून अकरा दिवस गप्प बसलो. रोज लोकांना ‘काही लपवू नका’ म्हणून सांगतो आणि मीच त्या फळ्यासमोरून मान खाली घालून जातो! लाज वाटते हो मामा.

बाकी क्षेम. पत्र मामींना दाखवू नका, वाचून फाडून टाका.

तुमचा (संबंध: जवळचा)
भाचा

ता.क. सोबत देणगीदाराचा फॉर्म आहे. नाव घालून सही करा, एवढ्यासाठीच हा सगळा पसारा. तुमचं नाव अगदी खाली, दार उघडलं की झाकलं जाईल अशा जागी रंगवायला रंगाऱ्याला सांगून ठेवलंय. चहापाण्याला पन्नास दिले त्याला. लहान गोष्ट आहे, मनाला लावून घेऊ नका.

ता.क. २. घात झाला! रंगाऱ्याने ते पन्नास समितीलाच देणगी म्हणून दिले. सकाळपासून फळ्यावर लाल अक्षरांत झळकतंय, ‘रंगारी, पन्नास. संबंध: चिटणीसांनी एक नाव झाकायला दिले.’ बाईंसमोर सगळं ओकून टाकावं लागलं. त्यांनी मला काढलं नाही, फक्त म्हणाल्या, फॉर्मवर सही हवीच. आणि पत्र फाडू नका, त्याची प्रत फायलीला लागणार आहे.

ता.क. ३. पाकीट बंद करतोय तोच मामी दारात. म्हणाल्या, “अकरा दिवस ती वेलांटी वाचतेय मी. हितचिंतकाला म्हणावं, मुकाट्याने सही कर. उद्या दहाला कवळीचं माप द्यायला मी स्वतः घेऊन जाणार आहे. तोवर भिजवलेलंच मिळेल.”