फोन एंगेज लागणार नाही

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते, असं आई म्हणाली. विचारली असं समज. इथे सगळे बरे आहेत, म्हणजे चालते-फिरते आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत, ते वेगळं.

हातानं लिहितेय, कारण तू आम्हाला सगळीकडे ब्लॉक केलंयस. पत्ता आत्यानं दिला, तोही शंभर शपथा घालून. माझं मराठी चुकलं तर दात काढू नकोस. मला इंग्लिश मीडियमला घालायला तूच लावलंस, बाबांशी भांडून. तेव्हा तुला माझी फार काळजी होती ना!

मुद्द्याचं सांगते. मला घरून करायची नोकरी लागलीय. लोकांचे प्रिंटर, कॅमेरे बिघडतात, ते फोन करतात, मी त्यांची स्क्रीन इथून बघून चालू करून देते. मला हे काम जाम आवडतं! पण नेट पक्कं लागतं, वायरचं. मोबाइलची रेंज आपल्या घरात कशी येते तुला माहितीये, खिडकीत लटकावं लागतं.

तुझी खोली आता माझी आहे. तिथे फोनचा जॅक नाही हे तुला मी काय सांगणार. लाइनमन आला, चारी भिंती बघितल्या आणि म्हणाला, "ताई, जॅक बाहेरच्या खोलीत आहे. मोडेम तिथेच बसणार. पुढचं तुमचं तुम्ही बघा." वायफाय लोखंडी कपाटाच्या अलीकडेच मान टाकत होतं. मग मी लांब केबल आणली, दोन्ही टोकांना प्लग स्वतः चेपले, आठही तारा रंगाप्रमाणे लावून. पहिल्या फटक्यात हिरवा दिवा! एकटीच नाचले खोलीत.

केबल नेताना दाराच्या चौकटीत तू तुझ्या वायरीसाठी पाडलेली जुनी भोकं सापडली. बाबांनी लांबी भरून वर रंग मारला होता. मी स्क्रूड्रायव्हरनं उकरली. आयती मिळाली म्हणून वापरली. आभार मानत नाहीये.

पहिल्याच दिवशी मी एका आजोबांचा प्रिंटर चालू करत होते. बाबा बाहेरून आले, चौकटीची भोकं बघितली, केबलच्या मागे मागे जॅकपर्यंत गेले आणि मोडेमची वायर उपटली. आजोबा गुल, काम गुल.

"नेट चालू असलं की फोन एंगेज लागतो," म्हणाले.

"बाबा, ते दादाच्या वेळचं! आता मधे ही छोटी डबी असते. फोन आणि नेट दोन्ही एकदम चालतात."

"मला शिकवतेस? त्या एंगेजपायी पंप दुरुस्तीची किती गिऱ्हाइकं गेली माझी!"

"आता कुठली गिऱ्हाइकं? गुडघे गेले, काम बंद केलंत, जमाना झाला!"

आई म्हणाली, "हळू बोला, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. तेवढंच आमचं एकमत.

त्यानंतर रोज हेच. मी लावते, ते काढतात. साहेबांनी मला बजावलंय, या महिन्यात सुधारलं नाही तर घरून काम बंद.

तुझा आणि त्यांचा शेवटचा तमाशा याच वायरीवरून झाला होता. तुझा परीक्षेचा फॉर्म भरला जात होता, त्यांनी वायर ओढली, जॅक भिंतीतून उखडून हातात आला, आणि तू बॅग भरलीस. पुढचं तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो जॅक परत बसवला. स्वतः. मी टॉर्च धरला होता.

काल मी त्यांना फोनशेजारच्या खुर्चीत बसवलं. नेट चालू ठेवलं, खिडकीत जाऊन मोबाइलवरून घरचा नंबर लावला. फोन खणखणला. म्हटलं, "बघा! लागला की नाही?"

"तुझा लागला. तू घरातनंच लावलास. लांबून येणाऱ्याचं काय?"

"लांबून कोण करणारे, बाबा?"

ते उठले, वायर काढली, रिसीव्हर कानाला लावून टोन ऐकला आणि हळूच ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज ऐकतात."

मला त्यांचा नाही, तुझा राग आला. इतका की तुझं ते जुनं टेबल लाथ मारून सरकवलं. अंगठा सुजलाय. तुझ्या न येणाऱ्या फोनसाठी माझी नोकरी चाललीय, कळतंय का तुला? तू तिकडे मजेत रुसून बसलायस, आणि इथे रोजची बोलणी मी खातेय. त्यांची चूक होती, मान्य. पण त्याचं भाडं मी किती वर्षं भरू?

अजून एक. आईलाही सांगितलेलं नाही. साहेब मला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात जागा देतो म्हणालेत. हो म्हणायला मला एक मिनिट पुरेल. मग बाबा त्या खुर्चीत बसून दोघांच्या फोनची वाट बघतील, आणि आई त्यांच्याकडे बघत बसेल.

बावीस तारखेला रविवार आहे. सकाळी अकरा वाजता मी मोडेम लावणार आणि पुढ्यात उभी राहणार, कुणाला हात लावू देणार नाही. तेव्हा फोन कर. नंबर तोच आहे, त्यांनी बदलू दिला नाही. माफी माग, गोड बोल, असलं काही सांगत नाहीये. टेस्टिंग समज. नेट चालू असताना लांबून फोन लागतो, एवढंच त्यांना कळू दे.

उचलणार तेच. दुसऱ्या कुणाला उचलू देत नाहीत. बहुतेक बराच वेळ काही बोलणार नाहीत. लाइन खराब आहे असं समजू नकोस. लगेच ठेवू नकोस.

तुझ्यावर अजिबात खूश नसलेली,
लुडबुड
(हे नाव तूच ठेवलंयस. आता भोग.)