गाडीत कोण बसलं होतं?

भरे, ता. मुळशी
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

सौ. हेमलता हीस,
अ. उ. आ.

पत्र लिहिण्यास कारण गाडी. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस. मग जावईबापू, विहीणबाई आणि पाळण्यातला नातू असे सगळे माझं बोलणं ऐकत बसतात, आणि इंजिनाबद्दल मला अर्धवट बोलता येत नाही.

तू फेब्रुवारीत नाशिकला गेलीस तेव्हा गाडी बरी होती. पावसाळ्यानंतर तिनं ओढणं सोडलं. पिरंगुटच्या घाटात तिसऱ्या गिअरला रडते, दुसरा टाकावा लागतो. मागून येणारे हॉर्न मारतात, आपल्या भाडेकरूनंही मारला, मग ओळखून हात केला. फिल्टर पाहिला, स्वच्छ. प्लग नवे घातले. शेवटी काल कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासलं.

माझी पद्धत तुला माहीत आहे. बॅटरी रात्रभर चार्ज केली. इंजिन गरम करून बंद केलं, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, कॉइल सोडवली, चारही प्लग काढले. एकेका भोकात गेज बसवून सहा-सहा ठोके दिले. हे गेज नवीन आहे, ऑनलाइन मागवलं. जुन्याचा काटा लगेच खाली पडायचा म्हणून बघायला एक माणूस आणि सेल्फ मारायला एक माणूस लागायचं. याचा काटा पोचतो तिथेच थांबतो. खिडकीतून हात घालून चावी फिरवायची आणि सावकाश येऊन आकडा वाचायचा. दुसरं माणूस लागतच नाही.

आकडे असे: ११०, १०८, १११, १०९. मागच्या खेपेला, म्हणजे २०१९ मध्ये, चारही एकशे सत्तरच्या वर होते. मग प्रत्येक भोकात चमचाभर ऑईल घालून पुन्हा पाहिलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑईलनं फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. जेमतेम दहानं गेला. म्हणजे नुसत्या रिंगा नाहीत, व्हॉल्व्हही गेले. एखादा सिलिंडर आजारी असता तर बरा केला असता, पण इथे चारही एकसारखे उतरलेत. हे दुखणं नाही, वय आहे.

कुशाबा कुंपणाशी येऊन म्हणाला की वाल्मीक, गाडी लई झाली आता, सोड तिला. त्याला काय कळतं इंजिनातलं, पण या वेळी बरोबर बोलला. भंगारवाला रविवारी २३ तारखेला येतो म्हणालाय. नाहीतरी पासिंग संपत आलंय. तुला न्यायला आपल्याच गाडीनं येईन म्हणालो होतो, तेवढं राहिलं.

बाकी ठीक. दिवाळीत कंदील लावला. भाडेकरू गावी गेले होते, त्यामुळे जिन्यावर पाय वाजले नाहीत. भात झोडून झालं. चहा अजून दोन कपांचाच होतो, दुसरा दहा वाजता गरम करून घेतो. वाया जात नाही.

नातवाला पापा. लोभ आहे, तो असाच राहू द्यावा.

वाल्मीक


नाशिक
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. यांस,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. मी तुमची पुतणी नाही, बायको आहे, पण असू दे, वयानं मोठे आहात.

पत्र जुईलीनं आधी पाहिलं आणि हसत सुटली. म्हणाली की आई, बाबांनी तुला गाडीचा रिपोर्ट पाठवलाय. खरंच, चार प्लगांची विचारपूस आहे, माझी नाही. तर मीच सांगते. मी बरी आहे. बाळाला दोन दात आलेत आणि ते माझ्या बोटावर घासून बघतो. इथे नळाला पाणी चोवीस तास, भाजी दारात. दुपारी बाळ झोपलं की मात्र काय करावं कळत नाही. गॅलरीतून समोरची गॅलरी दिसते, तिथेही एक बाई अशीच उभी असते. आम्ही अजून एकमेकींशी बोललो नाही.

आता गाडीचं. मला त्यातलं कळत नाही, तरी एक विचारते. गाडीत कोण बसलं होतं?

दर खेपेला सीटवर मी असायचे. तुम्ही बॉनेटखालून हात वर केला की चावी फिरवायची, आणि ॲक्सिलेटर पार तळाला टेकवून ठेवायचा. पहिल्या खेपेला तुम्हीच सांगितलं होतं की इंजिनाला श्वास घ्यायला तोंड उघडं पाहिजे, मी सांगेपर्यंत पाय उचलू नको. तेव्हा जुईली पाचवीत होती, तुम्ही ओरडून सांगाल तो आकडा मागच्या सीटवरून मोठ्यानं म्हणायची. पुन्हा तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विसरले नाही. पोटरीला गोळे यायचे. तुम्ही खिडकीतून हात घालून चावी फिरवलीत, मग पाय कुणाचा होता?

नसेल तसं, तुम्ही जाणते आहात. पण विचारल्याशिवाय भंगारात देऊ नका.

दुसरं. जुईलीची रजा ३० तारखेला संपते. ती आणि जावई विचारतात की आई, अजून वर्षभर राहशील का. तुला इथे काही कमी नाही, असं वर म्हणतात. महिनाअखेर मला सांगायचंय. नाही म्हटलं तर पाळणाघर बघावं लागेल.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही एसटीच्या खिडकीशी उभे राहून म्हणालात की जा तू निर्धास्त, इथे तुझ्यावाचून काही अडत नाही. नऊ महिने ते वाक्य माझ्या पिशवीत आहे. मी काय सांगू त्यांना?

गोळ्या वेळेवर घ्या. माया पातळ होऊ देऊ नका.

हेमलता


भरे
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

सौ. हेमलता हीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वहीचं पान ४१ काढून पाहिलं. कॉम्प्रेशनच्या सहा पायऱ्या माझ्या हातच्या लिहिलेल्या आहेत. बॅटरी, गरम इंजिन, फ्यूज, कॉइल, प्लग, सहा ठोके. ॲक्सिलेटरचा उल्लेख नाही. पायरी असती तर लिहिली असती. मी दहावी नापास आहे, कुठल्या कोर्सला गेलो नाही, तरी कारखान्यातले डिप्लोमावाले माझी वही मागून नेतात. ती कुणाच्या आठवणीवर चालत नाही.

एसटीपाशी बोललो ते तुला काळजी नको म्हणून बोललो. त्यात पिशवीत भरून नेण्यासारखं काय होतं?

जुईलीला काय सांगायचं ते तू ठरव. तिची अडचण होईल असं माझ्या तोंडून येणार नाही. इथे सगळं व्यवस्थित आहे.

गोळ्या घेतो. लोभ असेलच.

वाल्मीक


भरे
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

सौ. हेमलता हिला,
स. न. वि. वि.

गुरुवारचं पत्र पोचलं असेल तर बाजूला ठेव. हे वाच.

ते टपालात टाकून परत येताना पौडच्या रस्त्यावर एकच विचार डोक्यात घोळत राहिला. वर्गातली चार पोरं बरोब्बर एकाच मार्कानं नापास झाली, तर पोरांकडे बघायच्या आधी पेपर तपासणाऱ्याकडे बघावं. चारही सिलिंडर एकाच मापानं कसे झिजतील? वीस वर्षं ज्या हिशेबानं मी कारखान्यातली यंत्रं तपासली, तो माझ्या गाडीला लावला नाही. खरं सांगायचं तर मला ती संपलीच असं वाटून घ्यायचं होतं. का, ते पुढे लिहितो.

काल रविवारी पुन्हा तपासलं. पाय तर नव्हता. कुशाबाला हाक मारावी असं तीनदा वाटलं, तिन्ही वेळा मारली नाही. मग स्वयंपाकघरातून तुझा वरवंटा आणला. पॅडलवर टेकवला, मागे पाट लावला आणि सीट पुढे सरकवून घट्ट आवळली. वरवंटा पाय उचलत नाही, पण त्याला गोळेही येत नाहीत. एक सिलिंडर झाल्यावर मी सवयीनं बॉनेटखालून हात वर केला. बराच वेळ तसाच वर राहिला होता, मग लक्षात आलं.

आकडे: १६१, १६०, १६२, १६०.

इंजिन जिवंत आहे, हेमलता. ज्याला मी वय म्हणालो ती माझी चूक होती. त्याचं तोंड बंद ठेवून मी त्याला मोठा श्वास घे म्हणत होतो.

मग ओढत का नाही? तेही वरवंट्यानंच दाखवलं. पॅडल तळाला टेकलेलं असताना पुढे जाऊन हवेची झडप पाहिली, तर पूर्ण उघडलेली नव्हती. हातानं ओढून पाहायचो तेव्हा ती पूर्ण उघडायची, म्हणून आजवर संशय आला नाही. पॅडलपासून येणारी केबल ताणून सैल झाली होती. नट तीन फेरे आवळला. पुन्हा आकडे घेतले: १६९, १६८, १७०, १६८. संध्याकाळी घाट तिसऱ्यावर चढलो. वरती गाडी बाजूला लावली आणि कुणाला तरी सांगावं म्हणून डावीकडे पाहिलं. डाव्या कप्प्यात तुझा आलेपाक सापडला, घाटात मळमळू नये म्हणून ठेवतेस तो. कागदाला चिकटला होता. कागदासकट थोडा खाल्ला.

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. कुशाबा म्हणाला की मी म्हणलोच व्हतो, गाडीला काय बी झालेलं न्हाई.

आता वहीचं. पान ४१ वर ती पायरी नाही, कारण ती मला कधी करावीच लागली नाही. जे माझ्या हातानं केलं तेवढंच मी लिहिलं. २००९, २०१३, २०१९, तिन्ही खेपांचे आकडे बरोबर आले ते तुझ्या पायामुळे, आणि त्या पानांवर तुझं नाव नाही. वहीची शंभरच्या वर पानं चाळून पाहिली. कुठेच नाही. टॉर्च कोणी धरली, पाना कोणी दिला, नट दगडांत पडला तेव्हा कोणी शोधला, काही नाही. सगळं मी एकट्यानं केलं असं ती वही वाचून कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं.

भंगाराचं कारण आता लिहितो. गाडी दुरुस्त झाली की तुला न्यायला यावं लागणार, आणि दारात येऊन चल असं म्हणावं लागणार. तू नाही म्हणालीस तर? गाडी बिघडलेली असेपर्यंत तो प्रश्नच नव्हता. पावसाळाभर मी ती फार सावकाश तपासत होतो.

आता गाडी चालते. पॅडल दाबायला वरवंटा आहे, काटा बघायला गेज आहे. कामासाठी माणूस लागतं म्हणून बोलावतो, असं लिहायची सोय राहिली नाही. म्हणून नुसतं लिहितो. तू ये. एसटीपाशी जे बोललो ते खोटं होतं. गाडीचं अडलं नाही, माझं अडतं.

जुईलीला त्रास होईल, मला कळतं. तू राहायचं ठरवलंस तरी मी रागावणार नाही. पण मी विचारलंच नाही, असं मागे राहायला नको.

पासिंगची तारीख १२ डिसेंबरची मिळाली. तोवर थांबत नाही. शनिवारी २९ ला एसटीनं येतो. आपल्या गाडीनंच नेईन हा हट्ट सोडला.

तुझी माया माझ्यावर आहे का, ते या वेळी खरंच विचारतो.

तुझा
वाल्मीक


नाशिक
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. यांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमननं गुरुवारचं वर ठेवलं होतं. ते वाचून मी जुईलीला सांगितलं की राहते मी वर्षभर. मग दुसरं उघडलं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिले. किती झाल्या कळलं नाही, भाताचा गाळ झाला. जावईबापूंनी तोच खाल्ला.

रात्री जुईलीला पुन्हा विचारलं, की बाई, मघाचं सोडून दे म्हटलं तर चालेल का. तिनं तुमचं पत्र मागितलं. मी दिलं नाही, फक्त आकडे वाचून दाखवले. वरवंट्याशी आल्यावर ती रडायलाच लागली. पाळणाघर कोपऱ्यावरच आहे, आज तिच्याबरोबर जाऊन पाहून आले. बाई मायाळू वाटल्या. पहिले चार दिवस बाळ रडेल. मीही रडेन, पण भऱ्यात.

तुम्ही शनिवारी या. लगेच रविवारी निघू असं मनात धरू नका. तीन-चार दिवस राहा, बाळाला मांडीवर घ्या. त्याला गेज लावू नका.

ती निळी वही बरोबर आणा. पान ४१ मला बघायचंय. पायरी अजून लिहिली नसेल तर लिहू नका, माझ्यासमोर लिहा.

काल गॅलरीतल्या बाईला हात केला. तिनंही केला. नऊ महिन्यांत सुचलं नाही, आता जायच्या वेळी ओळख झाली.

आणि वरवंटा निघायच्या आधी राखेनं घासून दोनदा गरम पाण्यानं धुवा. चटणीला ऑईलचा वास लागला तर पुढच्या खेपेला पॅडलवर पाटाच बसवीन.

माया होती तिथेच आहे. उचलली नव्हती.

हेमलता