विहिरीपासून पांढऱ्या दगडापर्यंत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, गावच्या खेळाच्या मैदानाचा निवृत्त राखणदार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला.

१. राहते घर पत्नीचे. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. मैदानाकडची खिडकी कोणी बुजवू नये.

२. बँकेतील ठेवही पत्नीचीच. मुलाने गोड बोलून ती मोडायला लावू नये. त्याचा स्वभाव मी ओळखून आहे.

३. लोखंडी रोलर शाळेला. तो ओढायला चौघे लागतात, त्यामुळे त्यावरून भांडण होणार नाही.

४. मैदान मी कोणाला देऊ शकत नाही. ते माझे नव्हतेच. सगळ्या गावाने दगड वेचून ते केले, तेव्हा विहिरीपासून पांढऱ्या दगडापर्यंत एकशे वीस पावले भरत होते. शेजारचा वखारवाला दरवर्षी आपली लाकडे पाऊलभर पुढे रचायचा. "एका पावलानं काय मैदान संपतंय, काका?" म्हणायचा. वाद नको म्हणून मीही हद्दीची चुन्याची रेघ पाऊलभर आत घ्यायचो. अशी बत्तीस वर्षे. आधी धावायची वाट गेली, मग म्हाताऱ्यांची बाके. शेवटी सरकारी मोजणीदार आला.

"ही रेघ कुणी मारली?"

"मी."

"दरवर्षी तुम्हीच मारता?"

"हो."

"मग हद्द हीच."

गावाने अर्ज केले, हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी माझीच रेघ पुढे आली. भीड भिकेची बहीण, असे आई सांगायची. मी ऐकले नाही. वखारवाल्यावर माझा राग आहे, पण तो मी मुलांना वारशाने देत नाही. अर्धा दोष माझा, आणि आता माझ्या हातात काहीच उरलेले नाही. याचे फार वाईट वाटते.

५. चुन्याची पेटी व दोरी मुलीला. माझ्यामागे तिने एकदाच जुनी रेघ मारावी. पांढरा दगड आता वखारीत लाकडांखाली आहे. रेघ तिथूनच जावी. त्याने मैदान परत येणार नाही, हे मला कळते. वखारवाल्याने अडवले तर "निमूट निघून यावे" असे मी आधी लिहिले होते. ते शब्द मीच खोडले असून शेजारी सही केली आहे.

साक्षीदार: शाळेचे कवायतीचे मास्तर (सही), समोरचे शिंपी (सही)
लिहून ठेवणार: मैदानाचा राखणदार (सही)
ठिकाण: राहते घर, मैदानाकडच्या खिडकीशी
दिनांक: अकरा मार्च