तिसऱ्या वळणावरचे अडीच सेकंद

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

माफ कर. चौदा महिने एक ओळ नाही. शेवटची नोंद – ‘अमृताची बॅग भरली.’ पोरगी पुण्याला शिकायला गेली आणि लिहिणंच बंद पडलं. वेळ नव्हता म्हणणं खोटं ठरेल. वेळच वेळ होता.

आज तुला उघडलं, कारण मी एक गोष्ट लपवतेय आणि ती कुठंतरी कबूल केलेली बरी. अमृताच्या कपाटात, जाड पांघरुणाच्या मागं, एक अर्धवट जोडलेली गाडी आहे.

माझ्या नवऱ्याची, विश्वजीतची बग्गी सगळ्यांना माहीत आहे – रिमोटवर चालणारी, बॅटरीची, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. तीन वर्षांपूर्वी त्यानं सुट्या भागांचा खोका आणला, पहिल्या पिशवीतले स्क्रू बघून घाबरला आणि म्हणाला, “मंजू, बघ ना जरा.” ‘बघ ना जरा’ तीन आठवडे चाललं. तेव्हापासून तो चालवतो, तो मोडतो, मी दुरुस्त करते. तक्रार नाही. (खरंच नाही? – नाही. कॉलेजात दिवसभर पोरांना घर्षण शिकवायचं आणि घरी येऊन ते प्रत्यक्ष बोटांना लागायचं, यात सुख आहे.)

पण त्यानं बदललेला प्रत्येक जुना भाग मी डब्यात जपून ठेवला. चाकं धरणारे वाकलेले आर्म सरळ केले. तेल गळणाऱ्या शॉकना, म्हणजे धक्के पेलणाऱ्या नळ्यांना, नवे सील बसवले. त्याची पहिली मोटर. आता फक्त खालची पट्टी आणि मागचं गिअर हवं होतं, तेही आलं. ही गाडी मी कशाला जोडतेय? दुरुस्तीचा सराव म्हणून, असं स्वतःला सांगते.

सराव नाही. मला चालवायचीय.

९ डिसेंबर, मंगळवार

सासूबाई पिशोरहून आल्या. थंडीभर राहतील. अर्ध्या तासात पकडलं! मी शॉकमध्ये तेल भरून चारी नळ्या वाटीत उभ्या केल्या होत्या – बुडबुडे वर येईपर्यंत थांबावं लागतं, घाई केली की गाडी उडीनंतर टणाटण नाचते.

“आगं, हे काय लोणचं घातलं व्हय नळ्यायचं?”

सांगितलं. यांना इतक्यात कळू देऊ नका म्हणाले.

“नाय सांगत. पर त्यो काय आंधळा हाय? घरात ग्रीसचा वास सुटलाय लई.”

१४ डिसेंबर, रविवार

मोटरचं छोटं गिअर मोठ्याला नेमकं किती चिकटवायचं? फार घट्ट – दात जळतात. फार सैल – दात उडतात. मध्ये कागदाची पट्टी ठेवून स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून काढायची. तेवढीच फट बरोबर. घाईत तुझंच एक कोरं पान फाडलं.

२१ डिसेंबर, रविवार

सापडले! काल रात्री गारठा वाढला म्हणून विश्वजीत जाड पांघरूण काढायला गेला आणि गाडी हातात घेऊन बाहेर आला. मी भाकरी थापत होते. भाकरी परातीतच दुमडली – इतकं का दचकावं, हेही कळलं नाही. चोरी थोडीच होती.

“ही माझ्या गाडीची सावत्र बहीण का?”

आज सकाळी गच्चीवर नेऊन स्वतः चालवून पाहिली. हसत होता, मग त्यानं गाडी उचलून चाकं पाहिली. “ही सरळ जाते गं. माझी डावीकडे ओढते.” मग रिमोट माझ्या हातात दिला. दहा मिनिटांत मी पाण्याची टाकी दोनदा ठोकली. गाडी आपल्याकडे येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं, हे मी फळ्यावर आरामात समजावून सांगीन. बोटांना कोण सांगणार?

संध्याकाळी त्यानंच क्लबच्या सुदर्शनला फोन केला. “जानेवारीच्या रेसला एक नाव वाढव. आमच्या मेकॅनिकचं.”

सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, एरवी ‘तू’. आज आनंदात त्यांच्यासमोरच ‘तू किती चांगला आहेस’ निघून गेलं. त्या भाजी निवडत राहिल्या.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

रोज कॉलेजनंतर गच्ची. टाकी अजून उभी आहे.

१८ जानेवारी, रविवार

मुद्देसूद लिहायचं आहे. कुठंही स्वतःला सूट द्यायची नाही.

मैदान मिटमिट्याच्या पुढं, वेरूळच्या रस्त्यावर, एका मंगल कार्यालयाच्या मागं. मातीचा ट्रॅक, कडेला प्लास्टिकचे पाइप. चालवणारे लोखंडी मचाणावर उभे. एकूण चौदा गाड्या, सात-सातचे दोन गट, पाच-पाच मिनिटं. सगळ्यांत चांगली वेळ देणारे आठ जण पुढच्या रविवारच्या फायनलमध्ये.

विश्वजीत तीन वर्षांत एकदाही फायनलला गेलेला नाही. दहावा, नववा, पुन्हा नववा. कंपनीतून आल्यावर बूटही न काढता खुर्चीत बसून तो दुसऱ्यांच्या फायनलचे व्हिडिओ बघतो. हे मला माहीत आहे. ठळक लिहून ठेवते – माहीत होतं.

मी पहिल्या गटात. गाडी सरळ जाते! एकदाही उलटली नाही.

आता इथला रिवाज. आपली फेरी संपली की पुढच्या गटासाठी मार्शल व्हायचं – नारिंगी जाकीट घालून एकेका वळणावर उभं राहायचं आणि उलटलेली गाडी सरळ करून द्यायची, कुणाचीही असो. नियम दोन. चालवणाऱ्यानं रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर सोडायचा. मार्शलनं चाकं थांबल्यावरच हात घालायचा.

मी तिसऱ्या वळणावर. दुसऱ्या गटात विश्वजीत. इतकं छान चालवताना त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटून दुसरी फेरी – उडी जरा वाकडी पडली आणि गाडी माझ्यासमोर चार पावलांवर पाठीवर झोपली.

मचाणावरून सुदर्शन ओरडला, “मार्शल! तीन नंबर!”

विश्वजीत ओरडला, “मंजू! मंजू, उचल ना!”

आणि मी उभी राहिले.

मग धावले, उचलली, ठेवली. पण आधी उभी राहिले.

निकाल : मी आठवी. तो नववा. फरक एक सेकंद आणि चार दशांश.

मचाणावरून उतरून त्यानं सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. “फायनल घरातच राहिली!” सगळ्यांना भजी खाऊ घातली. येताना गाडीत सासूबाई मागून म्हणाल्या, “आगं, त्यो तुला आवाज देऊ लागला अन् तू नुसती उभी! मला वाटलं पायात काटा गेला.”

मी म्हणाले, “हो आई, काटाच.”

हे खोटं बोलले. तेही इथं लिहून ठेवते.

१९ जानेवारी, सोमवार

सुदर्शननं क्लबच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. स्टाफरूममध्ये कोपऱ्यात बसून अकरा वेळा पाहिला. गाडी उलटल्यापासून माझं पहिलं पाऊल पडेपर्यंत अडीच सेकंद. बाकी मार्शलांच्या पाच वेळा मोजल्या – सरासरी एक सेकंद. म्हणजे माझे दीड सेकंद जादा. तो हुकला एक पूर्णांक चारनं.

चाकं फिरत होती म्हणून थांबले असेन का? नाही. त्यानं ट्रिगर लगेच सोडला होता, चाकं केव्हाच थांबली होती. मागून दुसरी गाडी येत होती? नाही. ट्रॅक मोकळा.

सबब एकही नाही.

२० जानेवारी, मंगळवार

मग का?

आठव्या नंबरचा लोभ असता तर बरं झालं असतं. लोभ समजतो. पण त्या क्षणी नंबर माझ्या डोक्यात नव्हता. मनाला पुन्हा पुन्हा तिथं नेऊन उभं केलं. होतं ते एवढंच – “मंजू, उचल ना.”

तो आवाज मला ओळखीचा आहे. मंजू, टॉवेल. मंजू, चष्मा कुठाय. मंजू, बघ ना जरा. दहा मिनिटांपूर्वी मी माझी स्वतःची रेस चालवून उतरले होते. अंगावर नारिंगी जाकीट होतं. सगळ्या मैदानाला मी मार्शल होते, आणि एकट्या त्याला मी न्हाणीघराच्या दाराबाहेरची मंजू. पाय म्हणाले, थांब.

वाईट माणूस नाही गं तो. वाईट असता तर हे लिहायला इतकं जड गेलं नसतं.

२१ जानेवारी, बुधवार

सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी, सासूबाई देवाजवळ बसल्या होत्या तेव्हा. व्हिडिओ दाखवला, आकडे सांगितले, टॉवेलचंही सांगितलं.

आकड्यांवर तो हसला. “तू माझा पेपर तपासलास होय!” टॉवेलवर हसला नाही.

“म्हणजे नावानं हाक मारायची नाही मी तुला?”

“तसं नाही रे.”

“मग कसं? अगं, खाली सात जण उभे होते. मला तू एकटीच दिसत होतीस.”

मी म्हणाले, माझं नाव मागं घेते, नववा आपोआप आत येईल, तू चालव. इथं मी चुकले. त्यानं कप इतक्या जोरात ठेवला की बशी टिचली. “दान नको मला. नववा आलोय ना? नववाच.”

डबा न घेता गेला.

२३ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस निरोप सासूबाईंमार्फत. “आई, हिला म्हणावं गॅसचा नंबर लावलाय.” मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली!

दुपारी त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. भांडण कशाचं ते विचारलं नाही. ऐकलं असणारच.

“तुझा सासरा मला ‘ऐकलं का’ म्हणायचा. चाळीस वरसं. आवडा हे नाव त्याला ठाव हाय का नाय, शेवटपोत्तर कळलं नाय मला.”

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले, तेव्हा कळलं की त्या कधीच्या हसत नव्हत्या.

२४ जानेवारी, शनिवार

कॉलेजातून आले तर टेबलावर माझी गाडी. नवे टायर रिमवर चिकटवलेले. त्यानं चिकटवले! बॅटरी चार्ज करून तिच्या जाड पिशवीत ठेवलेली. एका टायरवर गोंद ओघळलाय. मी पुसला नाही.

बोललो मात्र नाही.

२५ जानेवारी, रविवार

सहावी आले. ते आधी लिहून मोकळी होते.

फायनलला मार्शल कोण? जे फायनलला नाहीत ते. विश्वजीत पाचव्या वळणावर. दुसऱ्याच फेरीत तिथंच माझी गाडी उलटली. ‘मार्शल’ म्हणायचं, हे आठवडाभर ठरवलेलं. तोंडातून निघालं – “अहो!”

तीन मार्शलांनी वळून पाहिलं. हसू फुटलं सगळीकडे. विश्वजीत वळला नाही, तो आधीच धावत सुटला होता.

आणि माझं बोट ट्रिगरवर तसंच दाबलेलं. चाकं पूर्ण वेगात. त्याला नियम माहीत आहे, तो थांबला नाही. हात घातला, गाडी सरळ ठेवली, हात खिशात घातला. मी उरलेली चार मिनिटं चालवली, आनंदात. खाली उतरल्यावर खिसा लाल दिसला.

उजव्या हाताची दोन बोटं. एकाचं नख गेलं, दुसऱ्याला तीन टाके. दवाखान्यात पहिलं वाक्य – “मंजू, मागचा आर्म वाकला नाही ना गं?”

सुदर्शननं व्हिडिओ पाठवलाय. उघडला नाही.

उद्या : झेंडावंदनाला निघण्याआधी त्याच्या शर्टाची बटणं लावून देणे.